सेवेचा अधिकार

वृद्धांची, रुग्णांची आणि अपंगांची सेवा करावी, हा उपदेश आपल्या घरांतून इतक्या वेळा होतो की, त्याविषयी नवे काही सांगावयाचे उरले आहे असे वाटत नाही. तो उपदेश सर्वस्वी योग्य आहे, आणि जी घरे तो पाळतात ती धन्य होत. परंतु ह्याच विषयाची एक दुसरी बाजू आहे, आणि तिचा विचार क्वचितच कोणी करतो. ज्याची आपण सेवा करतो त्यालाही हात असतात. हात थकले तरी डोळे असतात, आणि डोळे गेले तरी स्मरण असते. आपल्या ह्या उरलेल्या शक्तीचा कुणास तरी उपयोग व्हावा, अशी इच्छा त्याच्या मनात असते की नाही? आणि असल्यास, त्या इच्छेचे आपण घरातील धडधाकट माणसे काय करतो? ह्या महिन्यात वाचकांपुढे हा प्रश्न ठेवावयाचा आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात, जेथे शास्त्री नदी समुद्रास मिळते, तेथे जयगड आहे. खाडीच्या मुखावर जुना किल्ला आहे. पश्चिमेच्या टोकावर १९३२ साली उभारलेले दीपगृह आहे. मुंबईच्या आगबोटी येथे लागत असत तो काळ गेला. आता खाडी ओलांडून तवसाळास जाणारी फेरीबोट आहे, आणि अलीकडच्या काळात मोठे बंदर व वीजकेंद्रही आले आहे. तरी आजूबाजूच्या वाड्यांतील जुन्या घरांची कथा कोकणातील इतर घरांसारखीच आहे. मुलगे मुंबईस वा पुण्यास, नातवंडे त्याहूनही दूर, आणि ओटीवर एक वृद्ध माणूस.

तेथील परिचयाच्या एका घरातील गोष्ट आहे. घरच्या आजींनी ऐंशी ओलांडली आहे. काचबिंदूने दृष्टी बहुतेक गेली आहे. उजेड कोणत्या बाजूने येतो एवढेच कळते. गुडघेही चालू देत नाहीत. परंतु परसातील माडाची झावळ खाली पडली की ती त्यांच्यापुढे आणून टाकावयाची, हा घराचा नेम होता. त्या बोटांनी पाते चाचपीत, लहानशा सुरीने त्याच्या दोन्ही कडा तासून हीर मोकळा करीत. हीर उन्हात वाळले की बुडे एका पातळीत ठोकून घट्ट खराटा बांधीत. वर्षाकाठी पुष्कळ खराटे होत. एक देवळात जाई, एक शाळेत. उरलेले शेजारच्या घरांतून वाटले जात. ह्याचे मोल त्यांनी कधी घेतले नाही. खराटा न्यावयास आलेल्या माणसास मात्र त्या घटकाभर बसवून घेत आणि वाडीतील सर्व वर्तमान विचारून घेत. पडवीत पात्यांचा पसारा पडतो म्हणून सून अधूनमधून कुरकुरे. पण ती कुरकुर घरातल्या घरात चालते तशीच होती.

एका मे महिन्यात थोरला मुलगा मुंबईहून आला. आईच्या बोटास सुरीचा ओरखडा दिसला, आणि त्याचे मन कळवळले. “आई, आता पुरे हे. खराटे बाजारात मिळतात. तू आयुष्यभर राबलीस, आता स्वस्थ बसून राहा,” असे म्हणून त्याने झावळी गुरांच्या गोठ्याकडे टाकवल्या आणि रत्नागिरीहून एक उत्तम आरामखुर्ची आणवली. शेजारीपाजारी म्हणाले, मुलगा असावा तर असा. आजी खुर्चीत बसू लागल्या. पहिले काही दिवस बरे गेले. मग त्यांनी तिथी विचारणे सोडले. पुढे जेवणाची वेळ झाली तरी त्यांस हाक मारून सांगावी लागू लागली. वाडीतील माणसे येईनाशी झाली, कारण येण्यास काही निमित्त उरले नव्हते. पावसाळा संपता संपता सूनच एके दिवशी झावळ ओढीत पडवीत घेऊन आली आणि म्हणाली, “आई, देवळातला खराटा झिजला आहे. गुरवाने दोनदा विचारले. तुम्ही केल्याशिवाय तो मिळायचा नाही.” पसाऱ्याविषयी कुरकुरणारी तीच सून. तिने सासूबाईंना काम सांगितले असे लोकांस दिसले असेल. वस्तुतः तिने त्यांस त्यांचे स्थान परत दिले.

मुलाच्या प्रेमाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्याच्या नजरेस आईचे कष्ट पडले. त्या कष्टांच्या पोटी जे दान होते ते पडले नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या हातून जेवण, आंघोळ, औषध घेणाऱ्या त्या वृद्धेपाशी स्वतः देण्यासारखी एकच वस्तू होती, आणि ती मायेपोटी काढून घेण्यात आली. घेणे हे देण्याहून अधिक जड असते, ही गोष्ट घेण्याची पाळी येईपर्यंत आपल्या ध्यानात येत नाही. जो सारखा घेतच राहतो त्याच्या मनावर एक अदृश्य ऋण साचत जाते. थोडेसे परत करता आले की ते हलके होते. सेवेतील आनंद म्हणतात तो बहुधा हाच असावा. आपणही अजून ह्या जगाच्या देण्याघेण्यात आहोत, आपले खाते बंद झालेले नाही, ह्या जाणिवेचा तो आनंद आहे.

येथे एक आक्षेप निघेल आणि तो विचारार्ह आहे. दुर्बळांनी सेवा करावी, त्यात त्यांस आनंद आहे, असे म्हणणे सबळांच्या फारच सोयीचे नाही काय? ह्या आक्षेपाचे उत्तर जयगडच्याच भूमीत पुरलेले आहे. किल्ल्याच्या नावाविषयी तेथे एक लोककथा सांगतात. तट बांधावा आणि तो ढासळावा, असे पुनःपुन्हा होऊ लागले. तेव्हा नरबळी दिल्यावाचून बांधकाम टिकणार नाही असे ठरले. जयबा नावाचा महार समाजातील एक मुलगा आपण होऊन पुढे आला, त्याचा बळी देण्यात आला, आणि त्याच्या नावावरून किल्ल्यास जयगड हे नाव मिळाले. कथेतील इतिहास किती, हा प्रश्न बाजूस ठेवू. तिच्यातील ‘आपण होऊन’ हे शब्द मात्र मनास बोचतात. ज्याच्या शब्दास गावात किंमत नव्हती तोच नेमका आपण होऊन पुढे आला. किल्ल्याचा धनी आला नाही. ज्यास नाही म्हणण्याची सोय नसते त्याच्या होकारास आपण त्याग म्हणतो, आणि त्याचे नाव दगडास देऊन मोकळे होतो.

हे गावाचे झाले. आपल्या घरांनीही असे जयबा पुष्कळ पाहिले आहेत. मागच्या पिढ्यांत एकत्र कुटुंबातील विधवा आत्या वा काकू आलवण नेसून पहाटेपासून राबत असे. बाळंतपणे तिने करावी, पापड-लोणची तिने घालावी, दुखणाइतांची उशागती तिने धरावी. आणि मंगलकार्य निघाले की माजघराच्या कोपऱ्यात तिने दृष्टीआड व्हावे. घरातील माणसे तिच्याविषयी कौतुकाने सांगत, “तिला कामाची भारी हौस.” ती हौस होती की कोपऱ्यातून बाहेर येण्याचा तेवढाच एक मार्ग होता, हे तिला कोणी विचारले नाही. तेव्हा अन्याय दोन प्रकारचे आहेत. एकाकडून सेवा जबरीने घेणे हा एक, आणि दुसऱ्याची सेवा दयेपोटी नाकारणे हा दुसरा. पहिल्यात माणसाची इच्छा विचारली जात नाही, आणि दुसऱ्यातही नाही. सेवेत आनंद नांदावयाचा तर तो ह्या दोहोंच्या मधल्या जागेत, जेथे माणूस नाही म्हणू शकतो आणि तरीही हो म्हणतो.

ही मधली जागा कशी असते हे दाखविणारे एक चरित्र ह्याच जिल्ह्यात घडले. जयगडच्या खाडीत येणारी शास्त्री नदी ज्या संगमेश्वर तालुक्यातून येते, त्याच तालुक्यात देवरूख आहे. तेथील जोशी घराण्यात १८७० साली जन्मलेली कन्या म्हणजे पार्वतीबाई आठवले. विसाव्या वर्षाच्या सुमारास वैधव्य आले. पदरी लहान मुलगा. पुढचा मार्ग वर वर्णिलेल्या काकूचाच होता. परंतु त्यांची बहीण गोदूबाई, ती बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकली आणि १८९३ साली धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला. हीच पुढे बाया कर्वे म्हणून प्रसिद्धीस आली. बहिणीच्या आधाराने पार्वतीबाई पुण्यास आल्या. पुनर्विवाहाचा मार्ग मोकळा असूनही त्यांनी तो स्वतःपुरता स्वीकारला नाही. वयाची पंचविशी उलटल्यावर त्या पुस्तक हाती घेऊन शिकू लागल्या. त्या वयात लहान मुलींच्या बरोबरीने धडे घोकणे किती अवघड गेले असेल, ह्याची कल्पना ज्यांनी उतारवयात नवी विद्या शिकण्याचा यत्न केला आहे त्यांस येईल. पुष्कळ मोठे शिक्षण त्यांचे झाले नाही.

कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम स्थापन केला होता आणि १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्यास नेला. ह्या आश्रमाचे काम पार्वतीबाईंनी पत्करले. आश्रमातील व्यवस्था तर त्यांनी पाहिलीच, पण त्यांचे विशेष काम निधी गोळा करण्याचे. त्यासाठी गावोगाव हिंडावे लागे, अनोळखी घरांत शिरावे लागे, सभेत उभे राहून बोलावे लागे. ज्या बाईने अपशकुनाच्या भयाने दारात उभे राहू नये, तिने दारोदार जावयाचे होते. परंतु विद्वान वक्त्यास जे साधले नसते ते त्यांस साधले, ह्याचे कारण त्यांच्या उणिवेतच होते. विधवेचे दुःख काय असते हे त्यांस पुस्तकातून काढून सांगावे लागत नव्हते. पुढच्या काळात त्यांनी केशवपनाची रूढीही सोडली, आणि १९१८ साली तर त्या अमेरिकेस गेल्या. इंग्रजी जवळजवळ येत नव्हते, हाताशी पैसा नव्हता. परक्या घरांत घरकाम करून त्यांनी पोट चालविले, भाषा शिकली, आणि संस्थेसाठी मदत मिळवून १९२० साली त्या परत आल्या. त्यांचे आत्मचरित्र ‘माझी कहाणी’ १९२८ साली प्रसिद्ध झाले.

ज्या घरकामात वैधव्याचे दिवस कंठावयाचे होते तेच घरकाम त्यांनी अमेरिकेत केले. भांडी तीच, केरवारे तेच. देवरूखच्या माजघरात जे भोग ठरले असते ते तेथे साधन ठरले, कारण तेथे ते त्यांनी निवडलेले होते, आणि ज्यासाठी निवडले तो हेतूही त्यांचा स्वतःचा होता. शिवाय आणखी एक गोष्ट. कर्व्यांनी ह्या अल्पशिक्षित बाईस आश्रमात केवळ आश्रय देऊन ठेवले नाही. संस्थेचा जीव ज्यावर अवलंबून होता ते काम तिच्या हाती दिले. आश्रय देणारे उदार पुरुष पुष्कळ असतात. आश्रिताच्या भरवशावर आपले कार्य सोपविणारे विरळा.

ह्याहून मोठ्या प्रमाणावर हा प्रयोग विदर्भात झाला. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोडा येथे वकिली करणारे मुरलीधर देविदास आमटे, म्हणजेच बाबा आमटे, हे सधन जमीनदार घराण्यातले. एकदा रस्त्याकडेस पडलेला कुष्ठरोगाने जर्जर झालेला तुळशीराम त्यांनी पाहिला आणि ते भयाने दूर पळाले. त्या भयाचीच लाज वाटून ते परतले, त्याची शुश्रूषा केली, आणि पुढे कलकत्त्यास जाऊन ह्या रोगाची चिकित्सा शिकून आले. १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली. वरोड्याजवळ मिळालेल्या ५० एकर खडकाळ जमिनीवर साधनाताई व बाबा राहावयास गेले तेव्हा बरोबर सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये होते. त्या जागेचे नाव आनंदवन. १९५१ साली विनोबांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले.

कुष्ठरोगाचे जंतू हॅन्सेन ह्या नॉर्वेच्या वैद्याने १८७३ साली शोधले. ह्या रोगात ज्ञानतंतू मरतात आणि हातापायांची संवेदना जाते. निखारा लागला तरी कळत नाही, काटा रुतला तरी कळत नाही; जखमा चिघळतात आणि बोटे झडतात. सल्फोन औषधे विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात प्रचारात आली. पुढे १९८० नंतरच्या दशकात अनेक औषधांचा एकत्र उपचार सुरू झाला आणि रोग निश्चितपणे बरा होऊ लागला. परंतु औषधाने जंतू मेले तरी झडलेली बोटे परत येत नाहीत, आणि समाजाने फिरविलेली पाठही आपोआप वळत नाही. बऱ्या झालेल्या रुग्णास घर नव्हते, धंदा नव्हता. भिक्षापात्र तेवढे होते. अशा माणसांस दोन वेळचे अन्न व निवारा द्यावा, ह्यापलीकडे कोणाची कल्पना जात नव्हती. आमट्यांनी त्यांच्या हाती कुदळ व फावडे दिले. खडकातून त्यांनी विहिरी खणल्या, शेते केली, भाजीपाला पिकविला.

भाजी पिकली, परंतु वरोड्यातील लोक ती विकत घेईनात. महारोग्यांनी पिकविलेली भाजी खावी कशी? आनंदवनाच्या कथेत हाच खरा कसोटीचा क्षण होता असे वाटते. रुग्णांचे दान घेण्यास गाव तयार नव्हते, त्यांना दान देण्यास मात्र होते. पुढे परदेशांतून आलेले तरुण स्वयंसेवक काही महिने आनंदवनात राहिले, तेथेच जेवले, रुग्णांच्या शेजारी उभे राहून इमारती बांधू लागले. ते पाहून गावाचे भय हळूहळू ओसरले आणि भाजी खपू लागली. मग १९६४ साली एक विलक्षण गोष्ट घडली. ह्याच लोकांच्या संस्थेने वरोडा परिसरातील मुलांसाठी आनंद निकेतन महाविद्यालय उभारले. ज्यांस गावाने वेशीबाहेर घालविले होते त्यांच्या श्रमांतून गावच्या मुलांसाठी विद्यामंदिर उभे राहिले. दात्याची व याचकाची अशी अदलाबदल आपल्या इतिहासात फारशी घडलेली नाही.

स्वतः बाबांच्या शरीराचीही कथा ध्यानात घेण्यासारखी आहे. मणक्यांच्या विकाराने त्यांस बसणे अशक्य झाले. उभे राहावे किंवा आडवे पडावे, एवढेच दोन मार्ग उरले. अशा स्थितीत १९८५ च्या डिसेंबरात, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. तरुण मंडळी सायकलींवर आणि बाबा गाडीत निजून. एकाने तरी त्यांस आरामखुर्चीचा उपदेश केलाच असेल. सुदैवाने आरामखुर्चीत बसणेच त्यांस शक्य नव्हते. २००८ साली आनंदवनातच त्यांचे देहावसान झाले.

कोणी म्हणेल, ही थोरामोठ्यांची चरित्रे झाली. म्हणून एक अधिक जवळचे उदाहरण घेऊ. नसीमा हुरजूक ह्यांचा जन्म १९५० सालचा. सोळाव्या वर्षी कमरेखालचे शरीर लुळे पडले. खेळणारी, नाचणारी मुलगी अंथरुणास खिळली, आणि त्या वयात जी निराशा यावयाची ती सर्व आली. पुढे बाबूकाका दिवाण ह्यांची भेट झाली. हे गृहस्थ स्वतः चाकाच्या खुर्चीत असूनही आपला संसार व व्यवहार सांभाळणारे. त्यांनी सहानुभूतीचे शब्द थोडे सांगितले असतील. पण त्यांस नुसते पाहूनच ह्या मुलीस कळले की खुर्चीत बसूनही आयुष्य चालते. नसीमाताईंनी शिक्षण पुरे केले, सरकारी अबकारी खात्यात नोकरी केली, आणि १९८४ साली कोल्हापुरास ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था सहकाऱ्यांसह उभारली. अपंग मुलांसाठी वसतिगृह झाले, शाळा झाली. पुढे सिंधुदुर्ग जिल्ह्यात ‘स्वप्ननगरी’ हा प्रकल्प उभा राहिला आणि तेथे काजूप्रक्रियेचे काम सुरू झाले. काजूची बी फोडणे, गर सोलणे, लहानमोठा निवडून प्रतवारी लावणे, हे सर्व बसून करावयाचे काम. ज्याचे पाय चालत नाहीत पण बोटे चालतात, त्यास कोकणात ह्याहून साजेसा धंदा कोणता?

उंबरठा किती उंच असला की चाक अडते, दरवाजा किती रुंद असावा, न्हाणीघरात आधाराची दांडी कोठे हवी, हे धडधाकट माणसास मोजपट्टी घेऊन शिकावे लागते. खुर्चीतल्या माणसास ते अंगाने ठाऊक असते. नसीमाताईंनी आपल्या आत्मकथनास ‘चाकाची खुर्ची’ हेच नाव दिले. उणीव हीच त्यांची विद्या झाली. पार्वतीबाईंस विधवेचे दुःख ठाऊक होते म्हणून त्या विधवांसाठी बोलू शकल्या, तसेच हे आहे.

तिन्ही ठिकाणी एक सूत्र सारखेच आढळते. सेवेची इच्छा दुर्बळ माणसात असतेच. ती निर्माण करावी लागत नाही. परंतु ती फळास येण्यास तीन गोष्टी जुळाव्या लागतात. कोणी तरी काम विश्वासाने हाती द्यावे लागते. त्या माणसाच्या शक्तीस साजेल असे काम वा साधन शोधावे लागते. आणि शेवटी त्याने केलेले कोणी तरी मनापासून घ्यावे लागते. ही तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. वरोड्याच्या बाजारात भाजी घेऊन बसणारा रुग्ण आणि ती घेण्यास प्रथम पुढे झालेला हात, ह्यांत अधिक धैर्य कोणाचे होते हे सांगणे कठीण.

आता पुन्हा आपल्या घरांकडे वळू. आजोबांनी निवडलेली भाजी त्यांची पाठ फिरताच आपण पुन्हा निवडतो. आजींनी चाचपडत घातलेल्या घड्या मोडून नव्या घालतो. मंदबुद्धी पुतण्याने पाण्याचा तांब्या आणताना थोडे सांडले की, “राहू दे, मी आणते,” असे म्हणतो. ह्यात दुष्टपणा मुळीच नसतो. घाई असते, आणि काम नीटनेटके व्हावे ही हौस असते. परंतु ज्याची घडी मोडली जाते त्यास ती मोडलेली दिसते, किंवा न दिसताही कळते. भाजीत एखादे देठ राहिले तर जेवणाचे फारसे बिघडत नाही. माणूस घराच्या व्यवहारातून उठून गेला तर फार बिघडते, आणि ते ध्यानात येईपर्यंत पुष्कळ उशीर झालेला असतो.

ह्यावर उपाय सोपे आहेत, मात्र त्यांस थोडा वेळ व थोडा विचार लागतो. हात थरथरत असतील तर सुरी काढून घेण्याऐवजी सुरीची मूठ कापड गुंडाळून जाड करावी. संवेदना गेलेल्या हातांसाठी अवजारांच्या मुठी अशाच मऊ करतात. दिसत नसेल तर वस्तू रोज एकाच जागी ठेवाव्या. उभे राहवत नसेल तर काम खाली आणावे. अंथरुणास खिळलेल्या आजोबांस जमाखर्चाची बेरीज तपासावयास द्यावी, नातवाचे पाठांतर ऐकावयास सांगावे, कुळाचाराचे तपशील विचारून लिहून घ्यावे. काम खोटे मात्र नसावे. म्हाताऱ्यास गुंतवून ठेवण्यासाठी शोधलेले काम तो लगेच ओळखतो आणि त्याचा अपमान होतो. “तुमचे मन रमावे म्हणून” ह्या शब्दांपेक्षा “हे झाले नाही तर अडेल” हे शब्द अधिक औषधी आहेत, मात्र ते खरे असले पाहिजेत.

आणि एक सावधगिरी. उपयोगी पडणे ही घरात राहण्याची अट होता कामा नये. काहींची शक्ती खरोखरीच संपलेली असते. काहींची स्मृती गेलेली असते. काहींस वेदना इतक्या असतात की दुसऱ्याचा विचार करण्यास मनात जागाच उरत नाही. अशा माणसांनी काहीही परत करू नये आणि तरीही सन्मानाने राहावे, हा त्यांचा पूर्ण अधिकार आहे. ज्यांनी जन्मभर राबून आता खरोखर स्वस्थ बसावेसे वाटते त्यांनीही खुशाल बसावे. विशेषतः स्त्रियांनी, कारण सेवानिवृत्तीचा दिवस पुरुषांच्या आयुष्यात कागदोपत्री येतो, स्त्रियांच्या आयुष्यात तो येतच नाही. “आजी, अजून तुमच्याच हातच्या पुरणपोळ्या हव्यात,” हे वाक्य कधी मानाचे असते आणि कधी जुलमाचे. कोणते केव्हा, हे विचारल्यावाचून कळत नाही. म्हणून विचारावे, आणि मिळालेले उत्तर मानावे. आज हो म्हणणारा उद्या नाही म्हणाला तर तेही मानावे.

सेवा करणे हा धर्म आहे, असे आपण नेहमी म्हणतो. तो सर्वांचाच धर्म असेल तर केवळ सशक्तांपुरता राखून कसा ठेवता येईल? देणाऱ्याचे स्थान उंच आणि घेणाऱ्याचे खाली, अशी जी पायरी आपल्या मनात नकळत बांधली गेली आहे ती उतरावी लागेल. ती उतरणे सोपे नाही, कारण वरच्या पायरीवर उभे राहण्यातही एक सुख असते. परंतु ज्याला आपण रोज काही देतो त्याच्यापाशी कधी काही मागण्याचे, आणि तो देईल ते जसेच्या तसे घेण्याचे धैर्य आपण दाखविले, तर आपल्या घरातील पुष्कळ मूक माणसे बोलू लागतील.